झिजणारा देव

शिकागो पाहायला येणाऱ्या माणसाच्या हातात जी यादी पडते, ती कुठूनही घ्या, साधारण सारखीच असते. विलिस टॉवर, मिलेनियम पार्कातलं ते चकचकीत ‘बीन’, आर्ट इन्स्टिट्यूट, फील्ड म्युझियम, नेव्ही पिअर, नदीतली होडीची फेरी. माझ्या सुनेने ती छापून फ्रिजवर लावली होती आणि एकेक ठिकाण झालं की नातू त्यावर पेनने फुली मारायचा. चारधाम करून आलेली माणसं जसं ‘बद्री झालं, केदार झालं’ म्हणतात तशीच ही फुली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस लांबून येतो, पैसे खर्च करतो, पाहिलं म्हणून नोंद तर हवीच.

पण मी गुरवाची मुलगी आहे. कृष्णाकाठच्या एका गावातल्या महादेवाच्या देवळात आमच्या घराण्याची पाळी असायची. पहाटे गाभारा झाडणं, निर्माल्य काढणं, पिंडी धुणं, बेल वाहणं, गळती भरून ठेवणं, संध्याकाळी धुपारती. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सगळं आयुष्य त्यात गेलं. मी पुढे शाळेत मराठी शिकवलं, देवळाशी संबंध सुट्टीपुरता राहिला. तरीही ज्या वस्तूकडे माणसं गर्दी करून पाहतात, तिची उठाबस कोण करतं, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. शिकागोत तो फार वेळा आला, आणि एका ठिकाणी त्याने मला चांगलंच अडवलं.

टॉवरचं थोडक्यात सांगते. एकशे दहा मजले, त्यातल्या एकशे तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्या इमारतीबाहेर काढलेल्या आहेत. त्यात उभं राहून पायाखालचा रस्ता पाहायचा. इमारतीचा सांगाडा ज्यांनी रचला ते फझलूर रहमान खान ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्यांनी ही उंची पेलली. नातू काचेवर उड्या मारत होता, मी भिंत धरून होते. होडीच्या फेरीत कळलं की ही नदी 1900 मध्ये उलटी फिरवली आहे. शहराची घाण नदीतून शेजारच्या तळ्यात जायची, तळ्याचं पाणी लोक प्यायचे, माणसं आजारी पडायची; म्हणून कालवा खणून प्रवाहच पालटला. आपल्याकडे नदी एखाद्या वळणावर उत्तरवाहिनी झाली तर तिथे तीर्थ होतं. अख्खी नदी उलट्या दिशेला वाहायला लावणाऱ्या इंजिनिअरांच्या खात्यात किती पुण्य जमा झालं असेल, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

बीनपाशी मात्र मी रमले. त्याचं खरं नाव ‘क्लाउड गेट’, घडवणारे अनिश कपूर, जन्म मुंबईचा, 1954 चा. स्टेनलेस स्टीलचे 168 पत्रे जोडून, सांधे घासून घासून नाहीसे केले आहेत. तेहतीस फूट उंच, सहासष्ट फूट लांब. सगळं शहर त्यात वाकडं होऊन दिसतं आणि मधोमध आपण. माणसं त्याला हात लावतात, गाल लावतात, मुलं तर जिभाही लावतात. कुणी हटकत नाही. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतचा भाग रोज दोन वेळा हाताने पुसून काढतात, असं कळलं तेव्हा मी सुनेला म्हटलं, “अगं, मग याची तर त्रिकाळ नाही पण द्विकाळ पूजा होते की!” ती हसली. माझं म्हणणं अर्धं गमतीचं होतं. रोज हजारो बोटांचे ठसे पडतात आणि रोज कुणीतरी ते पुसायला येतं, यात मला ओळखीचं काहीतरी दिसलं.

नंतर आर्ट इन्स्टिट्यूट. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना काशाचे सिंह, एडवर्ड केमिस यांनी 1894 मध्ये बसवलेले, आता हिरवे पडलेले. आत गेल्यावर मुलाने आधी एक जागा दाखवली. 11 सप्टेंबर 1893 ला स्वामी विवेकानंद जिथे बोलले ती सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली होती. ते सभागृह आता नाही, त्या जागी फुलर्टन हॉल आहे. मुंबईच्याच जितीश कल्लाट यांनी 2010 मध्ये स्वामीजींचं ते भाषण इथल्या भव्य जिन्यावर दिव्यांच्या अक्षरांत उजळवलं होतं, आणि रंग घेतले होते अमेरिकेच्या सुरक्षा खात्याच्या धोक्याच्या इशाऱ्यांचे. परिषदेचा आणि अमेरिकेवरच्या हल्ल्याचा, दोन्ही अकरा सप्टेंबर एकमेकांसमोर. मी ते पाहिलेलं नाही. ऐकल्यावर पहिली शंका आली ती पायांची: अक्षरावर पाय पडला तर आपण पुस्तक कपाळाला लावतो. मुलाने समजावलं की अक्षरं पायरीच्या उभ्या बाजूला होती. तेव्हा बरं वाटलं.

त्या परिषदेतली एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. त्याच व्यासपीठावर मुंबईहून आलेले बी. बी. नागरकर होते, ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलायला. म्हणजे तिथे आलेला मराठी माणूस मूर्ती न मानणाऱ्या पंथाचा. आणि 19 सप्टेंबरला हिंदू धर्मावरचा निबंध वाचताना मूर्तिपूजेची बाजू मांडली ती बंगालच्या संन्याशाने. त्यांचा मुद्दा साधा होता: मनाला आकाराशिवाय विचार करता येत नाही, ख्रिस्ती माणसालाही क्रूस आणि चर्च लागतंच, मूर्ती ही पायरी आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. अण्णांना हे मी लहानपणी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले होते, “पायरी असेल त्यांची. मला तर रोज त्या पायरीला आंघोळ घालायची असते.” तेव्हा मला ते गावंढळ वाटलं. आता वाटतं की स्वामीजी भक्ताच्या बाजूने बोलत होते आणि अण्णा पुजाऱ्याच्या. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. भक्ताला विचारायचं असतं की हा दगड देव कसा. पुजाऱ्याला तो प्रश्न पडायला वेळच नसतो. पाणी गरम झालं का, बेल आला का, उंदरांनी वाती नेल्या का.

त्याच इमारतीत, परिषदेनंतर सात दशकांनी, 1960 च्या दशकात एक नटराज येऊन राहिला. चोळांच्या काळातला, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, तमिळ देशातला. उंची सव्वादोन फुटांच्या आसपास. ज्वालांचं वर्तुळ, उडालेल्या जटा, उचललेला डावा पाय, उजव्या पायाखाली अपस्मार असुर. जवळच नागपट्टणमचा ग्रॅनाइटचा ध्यानस्थ बुद्ध. ही दालनं रेल्वेच्या रुळांवरून पुलासारखी बांधलेली आहेत. देव वर, गाड्या खाली. प्रकाश फार कुशलतेने टाकलेला. मी इतका सुंदर नटराज कधी पाहिला नव्हता.

आणि मला लाज वाटली. कसली ते कळायला जरा वेळ लागला. चोळांच्या या काशाच्या मूर्ती उत्सवमूर्ती असतात, मिरवणुकीत खांद्यावरून नेण्यासाठी घडवलेल्या. उत्सवात त्यांना रेशीम नेसवतात, दागिने, हार, फुलं. रस्त्यावरच्या भक्ताला दिसतो तो चेहरा, फार तर एखादा हात. कंबरेचा तो बाक, मांडीवरचा तो ताण, पाठीवरून उतरणारी ती रेषा, ज्याबद्दल कलेचे जाणकार पानंच्या पानं लिहितात, ती पूर्वी एकट्या पुजाऱ्याने पाहिलेली असायची, अभिषेकाच्या वेळी, पडदा ओढल्यावर. आमच्याकडेही अण्णा पिंडी धुताना मधला पडदा पाडायचे. मुखवटा काढलेला देव सगळ्यांनी पाहायचा नसतो. माझ्यासमोर हजार वर्षांपूर्वीचा देव आंघोळीच्या वेळच्या अवस्थेत उभा होता आणि लोक फोटो काढत होते. मी हात जोडले ते भक्तीने की माफी मागायला, मला नक्की सांगता येणार नाही. राखणदार बाई एक पाऊल मागे सरकायची खूण करून गेली, अगदी हळुवारपणे.

मुलाने तिथेच विचारलं, “आई, तुझ्या मते हा अजून देव आहे का?” तो संगणकातला माणूस आहे, हो किंवा नाही असं उत्तर त्याला लागतं.

शास्त्रात उत्तर आहे, आणि ते तसं सोयीचं आहे. मूर्ती घडली की ती वस्तू. मग तिला पाण्यात ठेवायचं, धान्यात ठेवायचं, मंत्रांनी प्राण प्रतिष्ठित करायचे, तेव्हा देव. देवळाचा जीर्णोद्धार काढला की तो प्राण कलशातल्या पाण्यात उतरवून घेतात, काम झालं की परत मूर्तीत. गणपतीची उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागची हलवली, की राहते ती माती. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, नदीत सोडतात किंवा पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवतात. या हिशेबाने संग्रहालयातला नटराज कधीचाच देव राहिलेला नाही. कुणीतरी तो उचलला, विकला, मध्ये पूजा तुटली, प्राण गेले. शिकागोत आहे ते काशाचं उत्तम काम.

पण हे उत्तर सगळ्यांना पुरत नाही, हेही त्याच दालनांच्या इतिहासातून दिसतं. नेपाळचा राजा प्रताप मल्ल याने सतराव्या शतकात तलेजू भवानीला वाहिलेला सोन्याचा मुलामा दिलेला हार या संग्रहालयात पोचला. त्यावर राजाचा लेखच आहे, वाद घालायला जागा नाही. काही वर्षांपूर्वी एका नेपाळी बाईला तो इथे दिसला आणि तिला रडू कोसळलं, तिने तिथेच हात जोडले. काठमांडूत तलेजूचं देऊळ सर्वसामान्यांना वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या दिवसांत उघडतं. आणि देवीचा दागिना इथे रोज, तिकीट काढून पाहायला मिळत होता. नेपाळ सरकारने तो परत मागितला. दुसरी एक मूर्ती, मुचलिंद नागाच्या फण्याखाली बसलेला बाराव्या शतकातला बुद्ध, याच संग्रहालयाने 2025 मध्ये नेपाळला परत दिली. प्राण गेले असते तर त्या बाईला रडू का आलं? की तिच्यापुरते ते तिथे होतेच?

आमच्या शिवाचं तर एक कोर्टाचं प्रकरणच आहे. तंजावरजवळच्या पत्तूरचा नटराज जमिनीतून निघाला, विकला गेला आणि लंडनला पोचला. तिथल्या कोर्टात फिर्यादींमध्ये पडक्या देवळातलं शिवलिंगही होतं. भारतात देवाला कायद्याने व्यक्ती मानतात, तर आम्हीही त्याला दार बंद करणार नाही, असं इंग्रज न्यायाधीशांनी मानलं. खटला जिंकून मूर्ती 1991 मध्ये परत आली. आणि राहिली कुठे? देवळात नव्हे, तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रात, कुलपात, चोरीच्या भीतीने. शिकागोतल्या नटराजाला निदान उजेड आणि माणसं आहेत. परत पाठवा म्हणणं सोपं आहे. परत आल्यावर पहाटे त्याला उठवायला कोण जाणार, ते आधी ठरायला हवं.

माझं उत्तर मी मुलाला त्या दिवशी दिलं नाही. आठवडाभर मनात घोळवलं. ते असं: देव झिजतो. जो झिजत नाही तो देव नाही. पंढरीच्या विठोबाच्या पायांची शतकानुशतकांच्या स्पर्शाने झीज झाली, वज्रलेप करावा लागला. गावोगावच्या पिंड्या पाण्याच्या धारेने गुळगुळीत झाल्या. शेंदूर चढून चढून मारुतीचा चेहराच बुजतो आणि एक दिवस खोळ गळून पडते. देवाला खायला लागतं, झोप लागते, थंडीत शाल लागते. आणि जो खातो-झोपतो तो म्हातारा होणारच. पूजा म्हणजे एका परीने देवाला रोज थोडंथोडं संपवणं. संग्रहालयाची सेवा याच्या बरोबर उलटी आहे. तिथेही सेवा आहेच, हे मी मोकळेपणाने मान्य करते. हवेतला ओलावा मोजतात, उजेड मोजतात, धूळ ब्रशने काढतात, रात्री पहारा असतो. आमच्या गावच्या देवळात इतकी निगुती कधी नव्हती. पण ती सगळी सेवा एकाच गोष्टीसाठी, की याला काही होऊ नये. नटराजाला त्यांनी अमर केलं आणि त्यात तो देव राहिला नाही. बीनला लोकांचे हात लागतात म्हणून ते पुसावं लागतं. नटराजाला कुणाचे हात लागू नयेत म्हणून बाई उभी. दोघांत देवाच्या जास्त जवळचं कोण, याचं माझं उत्तर मलाच विचित्र वाटतं.

आता यावर आक्षेप येईल, आणि तो मुलानेच घेतला: आपली देवळंही आता तेच करतात. खरं आहे. उज्जैनच्या महाकालाची पिंडी झिजते म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अभिषेकाच्या पाण्यावर मर्यादा आल्या, पाणीही आरओचं. भक्तांची गर्दी पूर्वीच्या शंभर पट झाली असेल तर दगडाने तरी काय करावं? न्यायालयाचं मला पटतं. तरीही देवळात मोजमापाची पट्टी आली की गाभाऱ्यात हळूच संग्रहालय शिरतं, हे दिसल्याशिवाय राहत नाही.

फील्ड म्युझियममध्ये नातवाला ‘सू’ पाहायची होती, टी-रेक्सचा तो प्रचंड सांगाडा. मला तिथली दुसरीच गोष्ट ऐकायची होती. जानेवारी 2024 मध्ये इथल्या आदिवासी जमातींच्या वस्तूंच्या कित्येक पेट्या संग्रहालयाने झाकून टाकल्या. नवा नियम आला होता: त्या त्या जमातीची परवानगी असल्याशिवाय त्यांच्या पवित्र वस्तू किंवा पूर्वजांच्या कबरीतल्या वस्तू मांडायच्या नाहीत. वर्तमानपत्रांत लोकांची तक्रार आली की पैसे देऊन झाकलेल्या पेट्या काय पाहायच्या. मला त्यात देवळाची पहिली खूण दिसली. नैवेद्य चाललेला असताना, देव झोपलेला असताना पडदा असतोच. भक्त बाहेर थांबतो आणि कुरकुर करतो, पण पैसे परत मागत नाही. पाहण्याचा हक्क सगळ्यांना सगळ्या वेळी नसतो, हे एखाद्या संग्रहालयाने कबूल करणं ही मोठी गोष्ट आहे. नटराजाच्या बाबतीतही दिवसातून तासभर एखादा साधा पडदा टाकला तर काय बिघडेल? सून म्हणाली, “आई, लिहून कळवा ना त्यांना.” कळवलं. सौजन्यपूर्ण, छापील उत्तर आलं.

यादीत खाली, शहराच्या उत्तरेला विल्मेटमध्ये, बहाई मंदिर आहे. पांढरं, नऊ बाजूंचं, काँक्रीटच्या जाळीकामाचं, 1953 मध्ये खुलं झालेलं. आत मूर्ती नाही, चित्र नाही, प्रवचन नाही. बसायचं आणि गप्प राहायचं. नागरकरांना आवडलं असतं. मी तळघरातला एक दगड पाहायला गेले. नेटी टोबिन नावाची शिवणकाम करणारी एक गरीब बाई; मंदिरासाठी द्यायला पैसे नव्हते, म्हणून तिने एका बांधकामावरचा टाकून दिलेला दगड मागून घेतला आणि मिळेल त्या साधनाने ओढत आणला. 1912 मध्ये बहाईंचे तेव्हाचे प्रमुख अब्दुल बहा आले तेव्हा पायाभरणीला त्यांनी तोच दगड वापरला. मूर्ती न मानणाऱ्यांच्या मंदिरात सगळे खाली उतरून जातात ते या दगडाला पाहायला! आमच्या शिवेवरच्या म्हसोबाचा जन्म यापेक्षा वेगळा झाला असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी शेतातला आडवा आलेला धोंडा उचलून कडेला ठेवला असणार, कुणीतरी त्यावर पाणी ओतलं असणार.

नातवाने विचारलं की या दगडाला हात लावायचा का. लावला त्याने. कुणी काही म्हणालं नाही.

घरी आल्यावर गावी पुतण्याला फोन केला. आता आमच्या घराची पाळी तो करतो, तीही सुट्ट्यांच्या बेताने. पुण्यात नोकरी आहे. दोन वर्षांपूर्वी विश्वस्तांनी पिंडीवर पितळेचं जाड कवच बसवलं, झीज थांबावी म्हणून, आणि अभिषेक आता कवचावरच होतो. दगडाला पाणी लागत नाही. मी म्हटलं, निदान श्रावणात काढा. तो म्हणाला, “आत्या, झिजून संपली तर?” मी म्हटलं, अण्णांच्या हयातीत ती तसूभरही कमी झालेली मला दिसली नाही, संपायला पाच-सातशे वर्षं लागतील, आणि तेव्हाच्या गुरवाला वाटलं तर तो नवी बसवेल. नाही वाटलं तर तेव्हा तिचं कवच ठेवूनही उपयोग नाही. हे त्याला आवडलं नाही. शिवाय कवचाला देणगी ज्यांनी दिली त्यांचं नाव त्यावर कोरलेलं आहे, ती अडचण वेगळीच. विषय बैठकीत मांडतो म्हणाला. बैठक दिवाळीनंतर आहे.